पडवीतली जागा : रत्नागिरीच्या इतिहासातून संस्कृती आणि विषमता

१

संस्कृती हा शब्द आपल्याकडे फार आदराने उच्चारला जातो. तो कानी पडताच ओव्या-अभंग, सणवार, देवळांची शिखरे डोळ्यांपुढे येतात. समाजशास्त्रात या शब्दाचा अर्थ अधिक रोखठोक आहे. कोणी कोठे बसावे, कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी, कोणाच्या हातचे पाणी चालावे, हे ज्या अलिखित नियमांनी ठरते त्या नियमांचाही संस्कृतीत समावेश होतो. किंबहुना समाजात विषमता कशी टिकते हे समजून घ्यायचे तर शिखरांकडे पाहण्याआधी या नियमांकडे पाहिले पाहिजे.

याबाबत दोन मते आपल्या अभ्यासवर्तुळांत नेहमी ऐकू येतात. पहिले मत असे की, उत्पादनसंबंध हा पाया आणि संस्कृती हा त्यावरचा इमला. पाया बदलला की इमला आपोआप बदलेल. दुसरे मत लुई द्युमाँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे. त्याच्या १९६६ सालच्या 'होमो हायरार्किकस' या ग्रंथानुसार शुद्ध-अशुद्धतेचे मूल्य हाच जातिव्यवस्थेचा गाभा. जमीन आणि सत्ता या गोष्टी त्या मूल्याच्या खालच्या पायरीवर. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही मते संस्कृती आणि जमीन यांची फारकत करतात. रत्नागिरी जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास ही फारकत मान्य करीत नाही. तो इतिहास येथे थोडक्यात तपासायचा आहे.

२

दापोली हे एके काळी लष्करी ठाणे. 'कॅम्प दापोली' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या पलटणीत नोकरी करून निवृत्त झालेले अनेक महार सैनिक येथे स्थायिक झाले. कोकणातल्या महारांच्या हाती वतनाची जमीन देशावरच्या मानाने नगण्य. म्हणून पलटण ही त्यांची शेती आणि पेन्शन हे त्यांचे पीक. पलटणीत त्यांनी लिहिणे-वाचणे शिकले, हुकूम घेतले आणि दिले. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले.

या पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घालायचे ठरवले तेव्हा काय झाले? शाळा सार्वजनिक पैशावर चालणारी होती. कायद्याने दार बंद नव्हते. धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला तेव्हापासून हा प्रश्न सरकारदरबारी गाजत होता, आणि सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या हे तत्त्व कागदावर मान्य झालेले होते. तरीही १८९०च्या दशकात दापोलीच्या पेन्शनरांना त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, आणि मुलांच्या वाट्याला आली ती शाळेची पडवी. शिक्षक आत, फळा आत, सवर्ण मुले आत. महार पेन्शनरांची मुले बाहेर.

पडवीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तत्त्व मान्य आणि प्रवेश दिलेला. पण जागा मात्र जुनीच. या व्यवस्थेत कोणाला 'नाही' म्हणावे लागत नाही. कोणी शिवी देत नाही, कोणी हाकलून देत नाही. जागा ठरलेली असते, एवढेच. रोज पडवीत बसणारे मूल अक्षरांबरोबर आणखी एक धडा शिकते, आणि आत बसणारे मूलही तोच धडा उलट बाजूने शिकते. पिएर बोर्द्यू आणि पासरों यांनी फ्रान्समधील शिक्षणाविषयी १९७० साली जे मांडले त्याचे सार हेच आहे. शाळा सर्वांना एकच अभ्यासक्रम देते, पण ज्याच्या घरी ती भाषा आणि ते वळण आधीपासून आहे त्यालाच गुणवान ठरवते, आणि वारशाने मिळालेल्या वस्तूला कर्तबगारीचे नाव देते. फ्रान्समध्ये ही पडवी डोळ्यांना दिसत नव्हती. दापोलीत ती दगडा-चुन्याची होती.

३

याच दापोलीत १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर राहत होते. महाडजवळच्या रावढळचे हे गृहस्थ जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. प्रश्न विचारणे हीच येथे क्रांती होती. कारण रूढीचे सारे सामर्थ्य तिच्याविषयी कोणी काही विचारत नाही यात असते. विटाळ कोठून आला, कोणी ठरवला, कोणत्या आधारावर, असे विचारले की 'पूर्वापार' या शब्दाचा आधार सुटू लागतो.

पुढे इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगरलढाऊ जाती' अशी वर्गवारी साहेबाने केली. म्हणजे जातीची संस्कृती आता सरकारी धोरणाच्या रूपाने परत आली. तिच्याविरुद्ध १८९४ साली वलंगकरांनी विनंतिपत्र तयार केले. त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा होता. आजच्या वाचकाला हा दावा खटकेल. प्रा. म. ना. श्रीनिवास यांच्या १९५२ पासून रूढ झालेल्या 'संस्कृतीकरण' या संकल्पनेत तो चटकन बसवताही येईल: खालच्या जाती वरच्या जातींचे अनुकरण करतात, वगैरे. पण तसे केल्यास मर्म निसटते. हे विनंतिपत्र नोकरीच्या हक्कासाठी होते. ज्या सरकारने जन्म पाहून दार लावले त्या सरकारशी बोलण्यासाठी जन्माचीच भाषा तेवढी शिल्लक होती. अन्याय दूर करण्याची मागणीसुद्धा अन्यायाच्याच शब्दांत करावी लागते, हा संस्कृतीच्या सत्तेचा सर्वांत खोल परिणाम होय. ती भाषाच टाकून देण्याचे काम पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले.

४

आता जमिनीकडे वळू. रत्नागिरी हा खोतीचा जिल्हा. खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. सरकारचा सारा गोळा करून भरणारा हा मध्यस्थ गावाचा धनी होऊन बसला. कूळ भाताचे अर्धे पीक 'अर्धेल' म्हणून खोताच्या खळ्यावर घालणार, शिवाय वेठीला राबणार. हा झाला आर्थिक व्यवहार. पण तो केवळ कागदाच्या जोरावर चालत नव्हता. खोतापुढे कसे उभे राहायचे, अंगणात कोठपर्यंत यायचे, शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीपुढे कोणाचा मान पहिला, पालखी कोणत्या वाडीत नाचणार आणि कोणत्या वाडीच्या वेशीवरून वळणार, या सर्वांतून रोज तोच व्यवहार पक्का होत होता. पालखीचा मार्ग हा एका अर्थी गावाचा न लिहिलेला सातबाराच होता. म्हणून पाया कोणता आणि इमला कोणता, हा प्रश्न खोतीच्या गावात फोल ठरतो.

कुणबी कूळ खोताखाली भरडले जात होते, आणि महारही. दोघांचा शत्रू एक. मग दोघे एकत्र का येत नव्हते? येथे बाबासाहेबांचा 'श्रेणीबद्ध विषमता' हा विचार कामी येतो. या उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेला असतो. कुणब्याला जमीन मिळाली नाही, पण महाराच्या हातचे पाणी नाकारण्याचा 'मान' मिळाला. हा मान म्हणजे खोताला एका पैशाचाही खर्च न पडता दिलेली मजुरी. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचणाऱ्या तरुणाने पुढे १९२९च्या एप्रिलमध्ये चिपळूणच्या परिषदेत खोतीवर हल्ला चढवला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कुणबी आणि महार बरोबर चालले. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. पण 'मानाची मजुरी' नाकारून माणसे एका रांगेत चालू शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

५

याच काळात रत्नागिरी शहरात दुसरा एक प्रयोग चालू होता. स्थानबद्ध असलेले वि. दा. सावरकर यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडले गेले. सनातन्यांच्या विरोधात हे घडले. शाळेत मुलांना सरमिसळ बसवावे यासाठीही सावरकरांनी खटपट केली. हे सारे मान्य केलेच पाहिजे. इतिहासात हातचे राखून चालत नाही.

तरीही प्रश्न उरतो. 'पतित' कोण? ज्याला पावन करायचे तो. त्याला पाडले कोणी, याचे उत्तर या नावात नाही. मंदिर सर्वांचे झाले, पण देणारा आणि घेणारा हे नाते तसेच राहिले. शिवाय जुन्या देवळांतील मान, खोताचे खळे आणि गावचा पाणवठा यांना या मंदिराने हात लावला नाही. जवळच महाडला १९२७ साली जे घडले त्याची जात निराळी. तेथे कोणी पावन व्हायला आलेले नव्हते. नगरपालिकेने १९२४ सालीच ठराव करून तळे खुले केले होते. माणसे आपला हक्क बजावायला आली होती. त्या तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असा सवर्णांचा दावा होता. १९३७च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. वलंगकरांचा प्रश्न शेवटी न्यायालयात विचारला गेला, आणि 'पूर्वापार' या शब्दाला पुरावा देता आला नाही.

६

१९५६च्या धर्मांतरानंतर कोकणातल्या बौद्धांनी गावकीची कामे सोडली. ढोल वाजवणे, दवंडी देणे, मेलेले ढोर ओढणे थांबले. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांनी लग्न, नामकरण, मृत्यू यांचे नवे विधी गावोगाव रुजवले. 'महारवाडा' जाऊन 'बौद्धवाडी' आली; हे नाव लोकांनी स्वतः घेतलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवर समतानगर, भीमनगर येईल. पाटी बदलणे आवश्यकच आहे. पण वाडीची जागा, तिच्याकडे जाणारी वाट, नळाची शेवटची तोटी आणि पालखीचे वळण पाटीने बदलत नाही.

पडवीही गेलेली नाही. ती वर्गाच्या आत आली आहे. वाडीवस्तीवरून आलेला विद्यार्थी 'न' आणि 'ण' चुकला की वर्ग हसतो, आणि शिक्षक त्या हसण्याला शुद्धतेचा आग्रह म्हणतात. हा विटाळच आहे, व्याकरणाच्या वेशातला.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम अंगावर घ्यावे. आपापल्या गावी जावे आणि प्रत्येक 'पूर्वापार' गोष्टीची नोंद करावी: ही रीत कधीपासून, कोणी ठरवली, त्या वेळी जमीन कोणाच्या नावे होती, आणि रीत मोडणाऱ्याचे काय केले गेले. जुन्या माणसांना विचारावे, तलाठ्याचे दप्तर पाहावे, देवस्थानचे कागद पाहावेत. पुष्कळ रिती आपल्या आज्यापेक्षा वयाने मोठ्या नाहीत असे आढळेल. ज्या रिती खरोखरच जुन्या निघतील, त्यांच्यापुढे वलंगकरांचा प्रश्न ठेवावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहावा.