न विचारता चढवलेले ड्रम

सायमन आणि गारफंकल यांचं 'द साउंड ऑफ सायलेन्स' तुम्ही ऐकलं असेलच. नाव आठवत नसलं तरी सुरुवातीचे गिटारचे सूर कानावर पडले की "अरे, हे होय!" म्हणाल. पण तुम्ही ऐकलंय ते नेमकं कुठलं? कारण या गाण्याची दोन रूपं आहेत आणि दोन्हींत गळा एकच आहे. म्हणजे एकच गायक असं नव्हे, अक्षरशः एकाच वेळी केलेलं तेच गायन. एकात फक्त साधी गिटार आहे. दुसऱ्यात त्याच गाण्यावर नंतर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवलेत. जगाने डोक्यावर घेतलं ते हे दुसरं. आणि ते तयार झालं तेव्हा गाणाऱ्या दोघांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं!

आमच्या धंद्यात सांगायचं तर मूळ लेखकांना न कळवता कोणीतरी परस्पर पॅच मारला आणि तोच प्रॉडक्ट म्हणून जगभर गेला.

ही गोष्ट मला बरीच वर्षं नुसती गमतीची वाटायची. पण या जोडीचा इतिहास वाचत गेलो तसं वाटायला लागलं की त्यांची सगळी कथाच अशी आहे. ही जोडी त्या दोघांनी जितकी जमवली, त्याहून जास्त इतरांनी जमवली. आणि 'इतरांनी' यात तुम्ही-आम्ही ऐकणारेही आलो.

तर सुरुवातीपासून बघू.

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल, दोघांचाही जन्म १९४१ चा, जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने. दोघंही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढले, घरं चालत जाण्याच्या अंतरावर. १९५३ मध्ये शाळेत 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चं नाटक बसलं. त्यात पॉल झाला पांढरा ससा आणि आर्ट झाला चेशायर मांजर. ओळख झाली, मग गाणं सुरू झालं. त्यांचं दैवत म्हणजे एव्हर्ली ब्रदर्स, म्हणजे डॉन आणि फिल हे सख्खे भाऊ. त्यांच्यासारखं एकजीव गाता यावं म्हणून ही दोन पोरं एकमेकांसमोर अगदी जवळ बसायची आणि दुसऱ्याचे ओठ बघत शब्द जुळवायची. कुठलं अक्षर कधी सुटतं, श्वास कुठे घेतात, सगळं. आज आपण ज्या मिलाफावर फिदा आहोत तो या रियाजातून आलाय.

१९५७ मध्ये 'टॉम अँड जेरी' या नावाने त्यांचं पहिलं गाणं 'हे स्कूलगर्ल' बाजारात आलं आणि बिलबोर्डच्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. सोळा वर्षांच्या पोरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण लगेच पुढच्याच वर्षी पॉलने 'ट्रू टेलर' या नावाने एक रेकॉर्ड एकट्याने केली, आर्टला न सांगता. आर्टला ते फार लागलं. किती, तर त्यानंतर अनेक दशकं हा विषय दोघांच्या मुलाखतींत येत राहिला. सोळा-सतराव्या वर्षीचा ओरखडा म्हातारपणापर्यंत पुरला.

पुढे आर्ट कोलंबिया विद्यापीठात गेला (नंतर त्याने गणितात मास्टर्स केलं, आपल्या बिरादरीतला म्हणायला हरकत नाही!) आणि पॉल क्वीन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला. पुन्हा एकत्र आले आणि मार्च १९६४ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, 'वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.' ऑक्टोबरमध्ये तो आला आणि पडला. तीनेक हजार प्रती खपल्या म्हणतात. तोपर्यंत बीटल्सनी अमेरिकेत धुमाकूळ घातला होता, दोन मुलं आणि एक गिटार कोण ऐकणार? पॉल इंग्लंडला निघून गेला आणि तिथल्या छोट्या क्लबांतून गाऊ लागला. आर्ट परत अभ्यासाला लागला. जोडी संपली.

ती संपलेली जोडी उकरून काढली ती विद्यार्थ्यांनी. १९६५ मध्ये बॉस्टनच्या रेडिओवर आणि तिकडे फ्लोरिडात त्या पडलेल्या अल्बममधल्या एका गाण्याची फर्माईश येऊ लागली. कंपनीचा निर्माता टॉम विल्सन याच्यापर्यंत ही बातमी गेली. हा विल्सन म्हणजे भारी माणूस. टेक्सासचा कृष्णवर्णीय, हार्वर्डचा पदवीधर, जॅझच्या रेकॉर्डपासून सुरुवात केलेला. बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' त्यानेच केलं. त्या उन्हाळ्यात बर्ड्स या बँडने डिलनचं एक गाणं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. विल्सनने वारा ओळखला. स्टुडिओतले वादक बोलावले आणि जुन्या टेपवर नवी वाद्यं चढवली.

यात एक तांत्रिक लफडं होतं. मूळ गाणं ठोक्याला बांधून गायलेलं नव्हतं, भाव येईल तसं दोघं मागेपुढे होत होते. त्यामुळे वादकांनाच त्यांच्या चालीने चालावं लागलं, कुठे थोडं थांबावं लागलं. दुसऱ्या कडव्यापासून ड्रम येतात तिथून कान देऊन ऐका. आपल्याकडे तबलजी गायकाचं तोंड बघून लय सांभाळतो. इथे गायक समोर नाहीच, आहे ती वर्षापूर्वीची टेप!

पॉल तेव्हा युरोपात होता. नवं रूप त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हबकला, असं त्याच्याबरोबर लंडनमध्ये एकाच घरात राहणाऱ्या अल स्ट्यूअर्टने (हाही पुढे मोठा गायक झाला) सांगून ठेवलंय. पण रेकॉर्ड थांबली नाही. १९६६ च्या जानेवारीत गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पॉलने नंतर एका मुलाखतीत सांगितलेला प्रसंग मला फार आवडतो. क्वीन्समध्येच गाडी लावून दोघं बसले होते, हाताला काम नाही. रेडिओवर निवेदकाने सांगितलं की पहिल्या क्रमांकावर सायमन आणि गारफंकल. त्यावर आर्ट म्हणाला की त्या दोघांची काय मजा चालली असेल नाही आत्ता!

मला वाटतं, चाहत्यांच्या मनातली जोडी आणि गाडीतले दोघं हे त्या रात्रीच वेगळे झाले.

पुढची चार वर्षं म्हणजे सुवर्णकाळ. 'पार्स्ली, सेज, रोझमेरी अँड थाइम' (१९६६), 'द ग्रॅज्युएट' हा चित्रपट (१९६७), 'बुकएंड्स' (१९६८), आणि जानेवारी १९७० मध्ये 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. रॉय हॅली हा त्यांचा ध्वनिमुद्रक दोघांना एकाच माइकसमोर उभं करायचा, कारण वेगवेगळे आवाज टिपून नंतर मिसळले तर तो एकजीवपणा यायचा नाही. पण माइकपासून लांब गेले की अंतर वाढत होतं. आर्ट 'कॅच-२२' चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मेक्सिकोत अडकला. त्याच चित्रपटातली पॉलची भूमिका मात्र कापली गेली होती. 'ब्रिज' हे गाणं लिहिलं पॉलने, गायलं मुख्यतः आर्टने, आणि टाळ्या पडायच्या तेव्हा पॉल बाजूला उभा राहून ते माझं गाणं आहे असं मनात म्हणायचा. हे त्यानेच कबूल केलंय. अल्बम तुफान चालला आणि त्याच वर्षी जोडी फुटली.

आता दुसरा प्रसंग, १९ सप्टेंबर १९८१. न्यूयॉर्क शहर सत्तरच्या दशकात दिवाळखोरीच्या दारात जाऊन आलं होतं. सेंट्रल पार्कची रया गेलेली, हिरवळीची माती झालेली. पार्कसाठी पैसा उभा करायला म्हणून या दोघांचा मोफत कार्यक्रम ठरला. तालमींत पुन्हा जुनंच भांडण. आर्टला हवं होतं आपण दोघं आणि एक गिटार, पॉलला हवा होता मोठा बँड. पॉलचं चाललं. बघा, १९६५ सालचाच प्रश्न, फक्त आता टॉम विल्सनच्या जागी पॉल.

आणि लोक किती आले? अंदाजे पाच लाख!

नोकरीनिमित्त मी न्यू जर्सीत होतो तेव्हा आमच्या टीममधला एक वयस्कर प्रोग्रॅमर त्या गर्दीत होता हे कळलं. त्याला गाण्यांचा क्रम विचारला तर धड सांगता येईना. सकाळीच जाऊन चादर अंथरली होती, कोण कोण बरोबर होतं, त्यातलं आता कोण नाही, हे मात्र घडाघडा सांगितलं. स्टेज त्याला बोटाएवढं दिसत होतं. त्या काळात अंधार पडल्यावर पार्कात पाऊल टाकायची त्याला भीती वाटायची, त्या रात्री तो त्याच पार्कातून रमतगमत घरी गेला. मग त्याने मला विचारलं, तू कुठे ऐकलंस? मी आमच्या हॉस्टेलच्या त्याच कार्यक्रमाच्या कॅसेटबद्दल सांगितलं. कॉपीची कॉपी, खरखर इतकी की टाळ्या कुठल्या आणि टेपची खरखर कुठली ते कळू नये. तो खूप हसला. अर्धा तास आम्ही एकच कार्यक्रम दोन टोकांकडून आठवत होतो.

त्या ध्वनिमुद्रणात एक जागा आहे. 'साउंड ऑफ सायलेन्स'मध्ये दहा हजार माणसांचा उल्लेख येतो, तिथे गर्दीतून प्रचंड आरोळी उठते. १९६४ मध्ये गायलेलं, पडलेलं गाणं, आणि आता त्यातल्या आकड्याच्या पन्नासपट माणसं समोर बसलेली. शोभेच्या दारूला परवानगी मिळाली नव्हती, तर पॉल म्हणाला आपणच करू रोषणाई, आणि मैदानभर लायटर पेटले. लेननला त्याच पार्काच्या कडेला गोळ्या घातल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अशा शहराला त्या रात्री ही दोघं एकत्र दिसायला हवी होती. पाच लाख लोकांनी जोडी पुन्हा जमवली.

पण फक्त लोकांच्या मनात. त्यानंतर दोघांनी जगभर दौरा केला, एकत्र अल्बमही करायला घेतला. १९८३ मध्ये तो 'हार्ट्स अँड बोन्स' नावाने आला तेव्हा त्यावर एकट्या पॉलचं नाव होतं. आर्टने गायलेला भाग पॉलने पुसून टाकला होता. एकदा न विचारता वाद्यं चढवली म्हणून जोडी जन्मली आणि एकदा आवाज पुसला म्हणून ती पुन्हा मोडली. दोन्ही वेळा निर्णय टेपवर झाला. शंकर-जयकिशनांचं आठवा, जयकिशन १९७१ मध्ये गेल्यावरही शंकर जोडीच्याच नावाने संगीत देत राहिले. इथे दोघं हयात होते आणि नाव एकाचंच उरलं.

तरी २००३ च्या दौऱ्यात त्यांनी पाहुणे म्हणून कोणाला आणलं ठाऊक आहे? एव्हर्ली ब्रदर्सना! ते सख्खे भाऊही दहा वर्षं एकमेकांपासून तुटले होते आणि १९८३ मध्ये परत एकत्र गायले होते. ज्यांचे ओठ-श्वास घोकले त्यांच्याच शेजारी साठीतले हे दोघं उभे राहिले. २०१० मध्ये आर्टच्या गळ्याने दगा दिला आणि एकत्र गाणं थांबलं. २०२४ च्या शेवटी बातमी आली की दोघं जेवायला भेटले आणि रडले. आर्टनेच सांगितलं.

ती बातमी वाचून माझ्यासारख्या अनेकांना पहिला विचार आला तो "आता एकदा गातील का?" असाच. जरा लाजही वाटली त्याची. ऐंशी पार केलेली दोन माणसं सत्तर वर्षांचा हिशोब मिटवतायत, आणि आपल्याला एक गाणं हवंय. पण चाहते असेच असतात. बॉस्टनच्या पोरांनी रेडिओला फोन केले नसते तर आपल्याला हे दोघं माहीतच झाले नसते.

असो. या शनिवारी वेळ असेल तर दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका, आधी नुसत्या गिटारचं, मग ड्रमवालं. दोन आवाज दोन्हीकडे तितकेच जवळ आहेत. एका माइकसमोर, दोन तरुण मुलं. ज्यावर पुढे सगळ्यांनी हक्क सांगितला ते एवढंच होतं, आणि ते मात्र खरोखर त्या दोघांचंच होतं.