पेनच्या टोपीखालचं शहर

मार्च १८८६. फिलाडेल्फियात ब्रॉड आणि मार्केट या दोन रस्त्यांच्या चौकात तुम्ही उभे आहात. गारठा अजून गेलेला नाही. समोर सिटी हॉलचं बांधकाम १८७१ पासून चाललंय. परांच्यांमधून छिन्नीचे घाव ऐकू येतात. याच महिन्यात, याच शहरात, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होताहेत. त्यांचं महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये निघालं ते इथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने.

आर्च स्ट्रीटवर या क्वेकरांचं प्रार्थनागृह आहे. आत या. वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काचा नाहीत. साध्या बाकांवर माणसं गप्प बसली आहेत. कुणाला आतून काही सुचलं तर तो उठतो, चार शब्द बोलतो आणि पुन्हा बसतो. मोठेपणा मिरवणं इथे दोषच. शहर वसवणारा विल्यम पेन यांच्यातलाच. १६८१ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने वसाहतीच्या नावात 'पेन' घातलं ते त्याच्या आरमारी वडिलांच्या सन्मानार्थ. पण लोक आपल्याला गर्विष्ठ म्हणतील या धास्तीने पेनने ते काढून टाकण्यासाठी खटपट केली, अधिकाऱ्याला पैसेही देऊ केले. नाव मात्र राहिलंच.

आता १८९४. मान वर करा. अलेक्झांडर मिल्न कॅल्डरने घडवलेला ३७ फुटी ब्राँझचा पेन मनोऱ्यावर चढला आहे, जमिनीपासून टोपीपर्यंत ५४८ फूट. त्याचं तोंड ईशान्येला असल्याने दिवसाचा बराच वेळ चेहरा सावलीत राहतो, याचं कॅल्डरला फार वाईट वाटलं.

यापुढचं मला या शहरातलं सर्वांत सुंदर वाटतं. पेनच्या टोपीपेक्षा उंच कुणी बांधायचं नाही, असं सगळे धरून चालतात. कायदा नाही, ठराव नाही, दंड नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली एम्पायर स्टेट बिल्डिंग १०२ मजले चढते. इथे १९३२ मध्ये पीएसएफएस या बचत बँकेची इमारत उभी राहते. आधुनिक, देखणी, माथ्यावर २७ फुटी लाल निऑन अक्षरं. उंची? ४९१ फूट. बँकेला आपलं नाव रात्रीच्या आकाशात लिहायचं होतं आणि तिने ते लिहिलं, पण टोपीच्या खाली. खालून ती अक्षरं वाचताना तुम्हालाही या शहराचा अभिमान वाटेल.

१९८४. बांधकाम व्यावसायिक विलर्ड राऊज यांनी टोपी ओलांडणाऱ्या इमारतीची योजना मांडली आहे आणि शहर पेटलंय. नव्या नोकऱ्या हव्यात, किती दिवस मागे राहायचं, असं एक बाजू म्हणते. शहराचे जुने नियोजनकार एडमंड बेकन कडाडून विरोध करतात. मला बेकन यांचं पटतं. उंच इमारत कुठल्याही श्रीमंत शहराला बांधता येते. मनात आणलं असतं तर बांधता आली असती आणि तरी बांधली नाही, हे नव्वद वर्षं सांगता येणारं दुसरं मोठं अमेरिकी शहर मला माहीत नाही. बेकन हरतात. १९८७ मध्ये ९४५ फुटी वन लिबर्टी प्लेस पूर्ण होते.

त्यानंतर वर्षानुवर्षं शहराच्या मोठ्या क्रीडा संघांना एकही अजिंक्यपद मिळेना. पेन रागावला, असं लोक मनापासून म्हणू लागले. म्हणून २००७ मध्ये तुम्ही वन लिबर्टी प्लेसहूनही उंच कॉमकास्ट सेंटरच्या माथ्यावर आहात आणि कामगार सर्वांत वरच्या तुळईवर पेनची इवलीशी मूर्ती बसवताहेत: शहरात सर्वांत उंच पुन्हा तोच. पुढच्याच वर्षी शहराचा बेसबॉल संघ फिलीज वर्ल्ड सिरीज जिंकतो.

फिलाडेल्फियाला कधी गेलात तर आधी सिटी हॉलच्या मनोऱ्यावर चढा. लिफ्ट पेनच्या पायांशी नेते. ब्रॉड स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना आजही असंख्य घरं दोन-तीन मजल्यांचीच आहेत.