परागंदा झालेले दोन समाज

एखादा समाज आपला मुलूख सोडून परदेशांत जाऊन राहिला म्हणजे थोडक्याच वर्षांत त्याच्याविषयीं लोकांत एक ठराविक मत रूढ होतें. अमुक लोक उद्योगी, तमुक लोक आळशी. एकाच्या हातीं पैसा टिकतो, दुसऱ्याच्या टिकत नाहीं. अशीं हीं मतें असतात, आणि तीं उच्चारणारास इतिहासाचीं पानें चाळण्याची गरज वाटत नाहीं. या बाबतींत दुसऱ्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस आहे असेंहि नाहीं. जातीजातींच्या स्वभावाविषयींच्या म्हणी आपल्या घरोघरीं अजून ऐकूं येतात. असलीं मतें कितपत खरीं असतात हें पाहण्यासाठीं आम्हीं अमेरिकेंत राहणारे दोन समाज येथें विचारास घेतले आहेत: एक मार्शल बेटांतील लोकांचा व दुसरा इराकी लोकांचा. वरवर पाहतां या दोहोंत कसलेंच साम्य नाहीं. एक समाज महासागरांतील प्रवाळाच्या बेटांवर वाढलेला, तर दुसरा जगांतील अतिप्राचीन लेखनविद्येच्या भूमींतून आलेला. परंतु दोघांनाहि आपली भूमि सोडावयास लावणाऱ्या घटनांत अमेरिकेचा हात होता, आणि दोघेहि आज त्याच अमेरिकेच्या आश्रयास आहेत. ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच त्यांच्या सांपत्तिक व सामाजिक स्थितीचें माप घेतलें पाहिजे.

मार्शल बेटें हा प्रशांत महासागरांतील २९ कंकणाकृति प्रवाळद्वीपांचा व ५ सुट्या बेटांचा समूह आहे. सर्व जमीन एकत्र केली तरी ती ७० चौरस मैलांच्या आसपास भरते. नारळ, नीरफणस, केवड्याच्या जातीच्या झाडाचें फळ आणि मासळी यांवर तेथील लोकांचा पिढ्यानुपिढ्या निर्वाह चाले; कोंकणच्या किनाऱ्यावरील वाचकांस या जीवनाची कल्पना सहज करतां येईल. जमिनीवरील हक्क आईच्या वंशाकडून येतो. जमीन साऱ्या कुळाची, तिच्यावर सरदाराचा अधिकार, आणि ती विकून टाकावयाची वस्तु नव्हे, अशी तेथील रूढि. १८८५ सालीं जर्मनांनीं या बेटांवर आपला अंमल बसविला आणि खोबऱ्याचा व्यापार आपल्या हातीं घेतला. १९१४ सालीं जपान्यांनीं तीं घेतलीं, १९४४ सालीं अमेरिकन सैन्यानें जिंकलीं, आणि १९४७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें विश्वस्त या नात्यानें तीं अमेरिकेच्या स्वाधीन केलीं. विश्वस्तानें ठेव कशी सांभाळली हें आतां पाहूं.

ही ठेव स्वाधीन होण्यापूर्वींच, १९४६ च्या मार्च महिन्यांत, बिकिनी बेटांतील १६७ माणसांना अणुबॉम्बच्या प्रयोगांसाठीं जागा मोकळी करून देण्यास सांगण्यांत आलें. हें सर्व मानवजातीच्या हितासाठीं आहे असें त्यांना समजावण्यांत आलें, आणि हा मुक्काम थोड्या दिवसांचा आहे अशी त्यांची समजूत होती. ज्या रोंगेरिक बेटावर त्यांना नेलें तेथें पुरेसें अन्न नव्हतें. लोकांची उपासमार होऊं लागली. १९४८ सालीं त्यांना किली नांवाच्या बेटावर बसविलें. तेथें प्रवाळांनीं वेढलेलें शांत पाणीच नसल्यानें वर्षांतील कित्येक महिने होडी समुद्रांत घालणेंहि कठीण. १९४६ पासून १९५८ पर्यंत बिकिनी व एनिवेटॉक या परिसरांत एकंदर ६७ स्फोट करण्यांत आले. त्यांपैकीं १ मार्च १९५४ रोजीं झालेला स्फोट हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारें हजारपट शक्तीचा होता. त्याची पांढरी राख रोंगेलाप बेटावर पडली. ती काय आहे हें ठाऊक नसल्यानें मुलें तींत खेळलीं. तेथील लोकांना हलविण्यास दोन दिवस लागले. १९५७ सालीं त्यांना परत नेऊन बसविलें, आणि पुढें आजारांचें प्रमाण पाहून १९८५ सालीं त्यांनीं स्वतः होऊनच आपलें बेट सोडलें.

१९८६ सालीं हीं बेटें स्वतंत्र झालीं व अमेरिकेशीं त्यांचा एक करार अमलांत आला. या करारानें संरक्षणाचा अधिकार अमेरिकेकडे राहिला, क्वाजालीन येथील क्षेपणास्त्रांचें ठाणें तिच्याकडे राहिलें, आणि मार्शली माणसास प्रवेशपरवान्यावांचून अमेरिकेंत जाऊन राहण्याची व नोकरी करण्याची मोकळीक मिळाली. कोणा एका मार्शली विद्यार्थ्यानें आर्कन्सॉ संस्थानांतील स्प्रिंगडेल गांवीं कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांत काम धरलें. त्याच्या मागोमाग त्याचे आप्तेष्ट आले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आप्तेष्ट. आज अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील मार्शली लोकांची सर्वांत मोठी वस्ती या गांवाच्या परिसरांत आहे. या कामास फारसें इंग्रजी लागत नाहीं, शिक्षणाची अट नाहीं, आणि पगार आठवड्याच्या आठवड्यास मिळतो. पण थंडगार जागेंत तासन् तास उभें राहून तीच तीच कापाकाप करावी लागते. बढतीची वाट अरुंद, आणि शरीर थकलें कीं हातीं दुसरें कांहीं राहत नाहीं.

येथें कायद्याचा एक विचित्र भाग वाचकांनीं लक्षांत घ्यावा. मार्शली माणूस अमेरिकेंत कितीहि वर्षें राहूं शकतो, कर भरतो, सैन्यांतहि भरती होऊं शकतो. परंतु केवळ या करारानें तो ना नागरिक होतो ना कायमचा रहिवासी. १९९६ सालीं सरकारी मदतीचे नियम बदलण्यांत आले, आणि गरिबांसाठीं असलेल्या वैद्यकीय साहाय्यांतून या लोकांना वगळण्यांत आलें. ज्यांच्या बेटांवर ताज्या मासळीच्या जागीं डबाबंद मांस व पांढरा तांदूळ आला होता, आणि मधुमेहानें ज्यांच्यांत घर केलें होतें, त्या लोकांवर हा प्रसंग आला. त्याचें फळ २०२० च्या महामारींत दिसलें. आर्कन्सॉच्या वायव्य भागांतील दोन जिल्ह्यांत मार्शली लोकांचें प्रमाण शेंकडा तिनांच्याहि आंत. पण पहिल्या कांहीं महिन्यांतील मृत्यूंत त्यांचा वांटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक होता. एका घरांत दोन-तीन कुटुंबें राहणारीं, आणि कारखाना बंद नसल्यानें कामास जावेंच लागणारें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वैद्यकीय साहाय्याचा हक्क त्यांना परत मिळाला. इतर कांहीं मदतींचे हक्क २०२४ सालच्या नव्या करारानें मिळाले. चोवीस वर्षें जें नाकारलें गेलें त्याची भरपाई अर्थात् कोणी केली नाहीं.

आतां इराकी लोकांकडे वळूं. या देशाचें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींतील शिपाई मेसापोटेमियाच्या रणांत लढले व कुटच्या वेढ्यांत अडकले. आणि खाल्डियन हें नांव लोकमान्य टिळकांच्या खाल्डियन व भारतीय वेदांवरील निबंधामुळें जुन्या वाचकांच्या कानांवरून गेलेलें आहे. अमेरिकेंत प्रथम आलेले इराकी ते या खाल्डियन नांवानेंच ओळखले जाणारे ख्रिस्ती लोक होत. त्यांची बोली आरामी भाषेच्या कुळांतली, पंथ रोमन कॅथलिक, आणि मूळ गांव बहुतेकांचें एकच: निनेवेच्या मैदानांतील तेल कैफ. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्यांतील थोडे लोक डेट्रॉईट शहरीं आले. मोटारींच्या कारखान्यांनीं तें शहर तेव्हां भरभराटत होतें. पण यांनीं कारखान्याऐवजीं किराणामालाचें दुकान धरलें. १९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा सैल केला तेव्हां त्यांचा ओघ वाढला. १९६७ च्या जुलैंतील भयंकर दंगलीनंतर गोऱ्या दुकानदारांनीं शहर सोडावयास सुरुवात केली, आणि त्यांनीं टाकलेलीं दुकानें खाल्डियनांनीं घेतलीं.

या दुकानदारीची रीत आपल्या वाचकांस नवी वाटणार नाहीं. नव्यानें आलेला भाचा मामाच्या दुकानांत राबावयाचा. पगार थोडा, पण जेवणखाण व निवारा घरचा. पांच-सात वर्षांनीं नातलगांनीं मिळून त्याला भांडवल द्यावयाचें आणि दुसऱ्या पेठेंत दुकान काढून द्यावयाचें. अशा रीतीनें या समाजानें पैसा मिळविला, उपनगरांत घरें बांधलीं, आणि मुलांना डॉक्टर-वकील केलें. पण हें वैभव फुकट मिळालें नाहीं. दुकानांवर दरोडे पडले, गल्ल्यामागें उभे असलेले कित्येक दुकानदार मारले गेले. आणि ज्या कृष्णवर्णी गिऱ्हाइकांच्या पैशावर दुकान चालें त्यांच्याशीं मन कधीं पुरतें जुळलें नाहीं. पैसा आमच्या पेठेंतला आणि राहणें मात्र दूरच्या बंगल्यांत, ही त्या गिऱ्हाइकांची तक्रार अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं.

परंतु इराकी म्हणजे केवळ खाल्डियन नव्हेत. १९९१ च्या युद्धानंतर सद्दामविरुद्ध उठलेले शिया लोक सौदी अरबस्तानांतील वाळवंटी छावणींत कांहीं वर्षें काढून आले. १९९६-९७ सालीं कुर्द लोकांना ग्वाम बेटावरून अमेरिकेंत आणण्यांत आलें. म्हणजे त्यांचा मार्ग मार्शल बेटांच्या शेजारच्याच समुद्रांतून गेला. २००३ च्या स्वारीनंतर लाखों इराकी बेघर झाले, तरी पहिल्या चार वर्षांत अमेरिकेनें फारच थोड्यांस आंत घेतलें. २००८ सालीं कायदा होऊन अमेरिकन सैन्याचे दुभाषी म्हणून ज्यांनीं जीव धोक्यांत घातला त्यांच्यासाठीं वेगळी तरतूद झाली. या शेवटच्या लाटेंत डॉक्टर होते, इंजिनियर होते, प्राध्यापक होते. त्यांच्या पदव्या अमेरिकेंत चालेनात. बगदादेंत रोगी तपासणारा माणूस डेट्रॉईटमध्यें रखवालदारी करूं लागला. त्यांत २००८ च्या मंदीनें त्या शहराचा कणाच मोडला होता. २०१४ नंतरचे यझिदी नेब्रास्का संस्थानांत लिंकन शहरीं वसले, आणि त्यांच्यांतील अनेकांच्या वांट्यास मांसाच्या कारखान्यांतलें काम आलें. तेथें काम करणारा इराकी आणि स्प्रिंगडेलचा मार्शली यांच्या दिनक्रमांत फारसा फरक उरत नाहीं.

हीच गोष्ट आमच्या मतें निर्णायक आहे. उद्योगीपणा जर रक्तांत असता तर एकाच देशांतून आलेल्या लोकांत इतकें अंतर पडतें ना. मग फरक कशानें पडला? पहिलें कारण काळ. खाल्डियन समाजास शंभरांहून अधिक वर्षें व चार पिढ्या मिळाल्या आहेत. मार्शली समाजाची अमेरिकेंत जन्मलेली पहिली पिढी कोठें आतां हातातोंडाशीं येत आहे. तुलना करावयाचीच तर आजच्या मार्शली माणसाची १९२५ सालच्या खाल्डियनाशीं करावी. दुसरें कारण धंदा. एकमेकांस धरून राहण्याची वृत्ति दोन्ही समाजांत सारखीच आहे. आपल्या एकत्र कुटुंबांतहि ती होती. पण दुकानांत आप्तांचे श्रम सांठून त्यांचें भांडवल होतें. कारखान्याच्या मजुरींत आप्तांचा हात फक्त पडत्याला सांवरतो. मार्शली घरांत मुलाचा पहिला वाढदिवस साऱ्या गोतास जेवूं घालून साजरा होतो. यास कोणी उधळपट्टी म्हणेल. पण ज्याला दुकान काढतां येत नाहीं त्याची ठेव त्याच्या गोतांतच असते.

तिसरें व सर्वांत मोठें कारण कायदा. निर्वासित म्हणून आलेल्या इराकी माणसास आंत येणें कठीण होतें. वर्षानुवर्षें चौकशी व्हावयाची. पण एकदां आंत आला कीं पहिले कांहीं महिने मदत, एका वर्षानें कायम रहिवासाचा अर्ज, पांच वर्षांनीं नागरिकत्व, असा त्याचा मार्ग आंखलेला होता. मार्शली माणसास आंत येण्यास अडचण नाहीं, पण पुढें मार्गच नाहीं. मत देण्याचा हक्क नाहीं, म्हणून त्याच्या अडचणीची पर्वा करण्याची कोणा प्रतिनिधीस गरज नाहीं. १९९६ ची चूक सुधारण्यास चोवीस वर्षें लागलीं याचें रहस्य यांतच आहे. अर्थात् इराकी समाजहि पूर्ण निर्भय आहे असें नव्हे. २०१७ च्या जानेवारींत ज्या देशांतील लोकांस प्रवेशबंदी झाली त्यांत आरंभीं इराक होता. त्याच वर्षीं जूनमध्यें डेट्रॉईटच्या आसपास शेंकडा-पाऊणशें नव्हे तर शंभराहून अधिक इराक्यांना जुन्या हुकुमांवरून पकडण्यांत आलें, आणि त्यांत बरेच खाल्डियन होते. जे नागरिक झाले नव्हते त्यांच्या दाराशीं पोलीस आले. शेजारच्या श्रीमंत नागरिकाच्या दाराशीं आले नाहींत. जानेवारी २०२५ मध्यें निर्वासितांचा प्रवेशच थांबविण्यांत आला.

माघारीं जाण्याची सोय दोघांनाहि उरलेली नाहीं. २०१४ सालीं तेल कैफ इस्लामिक स्टेटच्या हातीं पडलें व तेथील ख्रिस्ती वस्ती उठली. मार्शल बेटांची जमीन समुद्रापासून सरासरीनें दोन मीटरच उंच, आणि समुद्र चढत आहे. तेथील शिरगणतींत २०११ सालीं ५३ हजार माणसें होतीं, तीं २०२१ सालीं ४२ हजारांच्या आसपास उरलीं.

अमेरिकेंत या दोन्ही समाजांविषयीं बोलतांना उदारपणा, आश्रय, मदत असे शब्द वापरण्यांत येतात. व्यक्तिशः अनेक अमेरिकन लोकांनीं यांना हात दिला आहे, आणि त्याचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. पण राष्ट्राच्या व्यवहारांत हा शब्द योग्य नाहीं. बॉम्बपीडितांच्या दाव्यांसाठीं १९८८ सालीं नेमलेल्या न्यायमंडळानें दोनशें कोटि डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. करारान्वयें निधि मिळाला तो पंधरा कोटींचा, आणि बाकीची रक्कम तशीच राहिली. ज्याचें देणें लागतो त्यास थोडें देऊन दान म्हणविणें हा सावकाराचा नव्हे तर ऋणकोचा दंभ आहे. एखाद्या परागंदा समाजाची आळशी किंवा उद्योगी अशी वर्गवारी करण्यापूर्वीं त्याला घर कोणी सोडावयास लावलें आणि नव्या घरांत कोणता हक्क दिला, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे स्वभावावर ठेवलेला बहुतेक दोष आपोआप गळून पडतो, असें आमचें मत आहे.