भिंत पाडायची की ठेवायची? हुजूर दफ्तरापासून पेडगावच्या ढाळजेपर्यंत

आजचा लेख एका चुकीच्या सल्ल्यातून निघाला आहे. सल्ला माझाच होता.

दिवाळीत गावी, पेडगावला गेले होते. हे परभणीचं पेडगाव. 'वेड पांघरून पेडगावला' या म्हणीचा संबंध सहसा श्रीगोंद्याच्या, बहादूरगडाच्या पेडगावाशी जोडतात. संदर्भ शोधताना ही दोन्ही गावं एकमेकांत मिसळतात, म्हणून टिपणात गावापुढे तालुका-जिल्हा लिहायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

गावातल्या काही मुलामुलींनी मिळून एक जुनं माळवदाचं घर भाड्यानं घेतलं होतं. तिघं जण पुण्याच्या कंपन्यांचं काम गावातून करतात आणि चौघी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. शहरात ज्याला कोवर्किंग म्हणतात तसली जागा त्यांना हवी होती. मोबाईलवर फोटो दाखवले: काचेच्या केबिन, एक लांबलचक टेबल, रंगीत खुर्च्या. मग विचारलं, "ताई, तू पीएचडी करतेस ना? ढाळज आणि बैठक यांच्यामधली ही भिंत पाडायची का?"

मी पाच मिनिटांत सांगून टाकलं, "पाडा. जागा मोकळी असली की माणसं एकमेकांशी बोलतात, काम पुढे जातं." गवंडी आठ दिवसांनी यायचा होता.

रात्री झोप येईना. हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणाले होते. मी मूळची भौतिकशास्त्राची. मापन नसलेलं विधान प्रयोगशाळेत चालत नाही, मग गावातल्या पोरांच्या पैशावर का चालावं? पुढच्या आठ दिवसांत जे वाचलं ते असं.

सुरुवात आपल्याच घरातून केली. पेशवाईत पुण्याला हुजूर दफ्तर होतं. राज्याचा जमाखर्च, सनदा, हुकूम हे सगळं तिथून चाले, आणि दोनशेहून अधिक कारकून तिथे काम करत. ही मंडळी गादीवर मांडी घालून बसत आणि कागद कापडी रुमालात बांधून ठेवत. म्हणजे मोठी सामायिक कामाची जागाच. पण तिची वाटणी कशी होती ते बघा. मुख्य भाग दोन: चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर फडणिसांच्या हाताखाली, आणि त्यात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा. रोजचे हुकूम आणि रोजकीर्द फडावर. ज्या हिशेबांची तातडीनं गरज नसे ते एकबेरीज दफ्तरात जात. तिथे ते लावून त्यांचे वार्षिक गोषवारे तयार होत. हे एकबेरीज दफ्तर कायम पुण्यातच राही.

म्हणजे धावपळीचं काम आणि शांतपणे जुळवायचं काम वेगवेगळं ठेवलं होतं. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त चांगली टिकली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची हेळसांड झाली आणि बाहेरच्या माणसांनाही तिथे जवळपास मुक्त प्रवेश मिळू लागला, असं इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीच्या अहवालात नोंदलेलं आहे. कोण कुठपर्यंत आत येणार हे ठरवणं म्हणजेसुद्धा जागेची रचना. त्याला सुतार लागत नाही, पण ते बिघडलं की दफ्तर बिघडतं.

(जाता जाता एक सापळा. 'फडणीस' हा शब्द 'फड' वरून आला असावा असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्याचं मूळ फारसी 'फर्द-नवीस', म्हणजे यादी लिहिणारा, असं दिलं जातं. कानाला जुळलं म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.)

दुसरं उदाहरण आपल्या संशोधकांच्या जास्त जवळचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले, एकेका संदर्भाची एकेक चिठ्ठी. चिठ्ठ्या एक कोटीच्या आसपास गेल्या. पहिला भाग छापून आला १९७६ साली. या चिठ्ठ्या जिथे ठेवल्या आहेत तिथे लोखंडी कपाटांच्या खणांमध्ये त्या अक्षरानुसार लावलेल्या आहेत. आज बसलेल्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी लिहिलेली चिठ्ठी नेमकी सापडली पाहिजे, नाहीतर सगळं काम फुकट. त्या खोलीचं सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे तिथले खण. टेबल-खुर्च्या त्यानंतर येतात.

आता मी ज्या 'मोकळ्या' जागेचा सल्ला दिला होता तिच्याकडे वळू. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉपस्ट या संशोधकानं हर्मन मिलर कंपनीसाठी १९६४ साली 'अ‍ॅक्शन ऑफिस' नावाचं फर्निचर आणलं. १९६८ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. हलवता येणारे पडदे, वेगवेगळ्या उंचीची कामाची फळी, आणि माणसानं आपल्या कामाप्रमाणे कोपरा मांडून घ्यावा ही कल्पना. कंपन्यांनी पडदे विकत घेतले, कल्पना घेतली नाही. तेच पडदे काटकोनात उभे करून कमी जागेत जास्त माणसं बसवली, आणि क्युबिकल जन्माला आलं. प्रॉपस्टनं पुढे स्वतःच त्यावर कडक टीका केली. जागा कामासाठी आखायची की माणशी भाड्यासाठी, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही.

क्युबिकलला कंटाळून लोक पुन्हा मोकळ्या हॉलकडे वळले. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरनं आठवड्यातले दोन दिवस एक जागा घेऊन घडीची टेबलं मांडली. पहिला महिनाभर कुणीच फिरकलं नाही. आजच्या कोवर्किंगची सुरुवात साधारण तिथून धरतात. एकट्यानं काम करणाऱ्याला सोबत मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता.

मोकळ्या हॉलमध्ये माणसं खरंच जास्त बोलतात का? हे मोजलं एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी. दोन मोठ्या कंपन्यांची कार्यालयं मोकळी होणार होती. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गळ्यात समोरासमोरचं बोलणं नोंदवणारे बिल्ले घातले, बदलाच्या आधी काही आठवडे आणि नंतर काही आठवडे. २०१८ साली निष्कर्ष आला: समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेला माणूस कानात हेडफोन घालतो. माझा सल्ला इथे कोसळला. पण लक्षात घ्या, अभ्यास दोनच कंपन्यांचा, आणि त्याही अमेरिकेतल्या. पेडगावला तो जसाच्या तसा लागू आहे असं म्हणणं म्हणजे पहिल्यासारखीच चूक.

म्हणून जे स्वतः तपासता येईल ते तपासलं. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइननं १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर प्रयोग केले. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून टाकायच्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यातून आलेलं सूत्र सोपं आहे. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज घुमतो, आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विरतो. फरशी, काच आणि गुळगुळीत प्लास्टरची २० बाय १५ फुटांची, १० फूट उंच रिकामी खोली धरली, तर माझ्या ढोबळ हिशेबानं आवाज विरायला पावणेचार सेकंद लागतात. अर्ध्या जमिनीवर कापसाच्या गाद्या टाकल्या की हाच वेळ दीड सेकंदाच्याही खाली येतो. फडावरच्या कारकुनांना सूत्र ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या बुडाखाली गादी होती.

मग फोन करून पोरांना सांगितलं, "भिंत पाडू नका. आधी आठवडाभर वही ठेवा. कोण कशासाठी उठतं, तेवढंच लिहा." त्यांना ते हास्यास्पद वाटलं, पण वही ठेवली. सगळ्यात जास्त उठणं फोनसाठी निघालं, त्याखालोखाल चार्जिंगसाठी.

जुन्या घराची मांडणी कामाला आली. आल्यागेल्याला बसवायचं ते ढाळजेत, आतलं काम आत, हे त्या घराला आधीपासून ठाऊक होतं. आता फोन आणि बोलणं ढाळजेत, अभ्यास आणि शांत काम बैठकीत. चार्जिंगचा बोर्ड आणि प्रिंटर दोन्हींमधल्या दाराशी. दोन खणांत गाद्या आणि उतरती डेस्कं, उरलेल्या एका खणात गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्ची. माळवद असल्यानं दुपारी आत गारवा असतो, त्यामुळे एसीचा विषय आपोआप मिटला.

याची किंमतही आहे. भिंत ठेवल्यानं दोन जागा कमी झाल्या आणि प्रत्येकाचं भाडं वाढलं. एक जण अजून त्यावरून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मलाही म्हणता येत नाही. वही चालू ठेवायला सांगितलं आहे. उन्हाळ्यात गावी गेले की ती बघणार आहे. भिंतीचा निर्णय चुकला असेल तर तो वहीतच दिसेल. गवंड्याचा नंबर त्यांनी अजून जपून ठेवलाय.