केर्तेस, आंद्रे
केर्तेस, आंद्रे : (२ जुलै १८९४–२८ सप्टेंबर १९८५). हंगेरियन-अमेरिकन छायाचित्रकार व रस्ता-छायाचित्रणाचे, म्हणजे सार्वजनिक ठिकाणचे दैनंदिन जीवन पूर्वरचनेशिवाय टिपण्याच्या कलाप्रकाराचे, एक प्रवर्तक. जन्म बूडापेस्ट येथे. १९२५ पासून पॅरिसमध्ये नावारूपाला आल्यावर ते १९३६ मध्ये पत्नी एलिझाबेथसह न्यूयॉर्कला गेले. तथापि इंग्रजीवर प्रभुत्व नसल्यामुळे आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून बाहेरील छायाचित्रणावर निर्बंध आल्यामुळे ते एकाकी पडले. उंच इमारतीशेजारी तरंगणारा इवलासा ढग दाखवणारे ‘हरवलेला ढग’ (१९३७) हे छायाचित्र या परकेपणाचे अत्यंत हृद्य रूप होय. १९५२ नंतर वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानासमोरील घराच्या सज्जातून, दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या दूरभिंगाने, ते बर्फातून एकट्याने चालणारी माणसे टिपत राहिले आणि अनोळखी पादचाऱ्यांशी त्यांनी असे निःशब्द नाते जोडले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील एकल प्रदर्शनाने (१९६४) त्यांचे महत्त्व पुन्हा प्रस्थापित झाले. पत्नीच्या निधनानंतर (१९७७) खिडकीत ठेवलेल्या, तिच्या मान-खांद्यांच्या रेषेची आठवण देणाऱ्या काचेच्या अर्धपुतळ्याची त्यांनी घेतलेली पोलरॉइड छायाचित्रे विरहातही टिकलेल्या स्नेहाची साक्ष देतात.