तोडा की चकमक? मराठा सैन्यातील पहिल्या बंदुकीच्या निवडीचा विचार

मराठ्यांच्या लष्करी ऱ्हासाची चर्चा करताना त्यांची शस्त्रे जुनाट होती, असे विधान पाठ्यपुस्तकांतून सर्रास आढळते. अठराव्या शतकात युरोपीय पलटणी चकमकीच्या बंदुका वापरीत असताना मराठा पायदळाचा मोठा भाग तोड्याच्या बंदुकीवर विसंबून होता, हे खरे आहे. तथापि यास अज्ञान म्हणण्यापूर्वी ज्याला आपली पहिली बंदूक निवडावयाची होती, त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहणे आवश्यक आहे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येत असे. त्याच्यापुरता तरी हा निर्णय सरकारी धोरणाचा नसून घरच्या पैशाचा होता.

तोड्याच्या बंदुकीत सोरा लावलेली जळती वात कान्यातील दारूस भिडविली जाते. वात सतत पेटती ठेवावी लागते, पावसात ती विझते आणि रात्री तिचा निखारा शत्रूस दिसतो. सह्याद्रीच्या पावसात या उणिवा सामान्य नव्हेत. याउलट चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातील गार पोलादी पात्यावर आपटून ठिणगी पडते. वात नसल्याने शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतात, आणि कवायती पायदळाचे सारे बळ येथेच आहे.

मग नवशिक्याने चकमक का घेऊ नये? कारण तिची कळ नाजूक असते. कमान योग्य पाणी देऊन घडवावी लागते, पात्याचे पोलाद कठीण हवे, गार झिजली की बदलावी लागते. गारगोटी दख्खनच्या कातळात विपुल आहे. मात्र दगड सापडणे वेगळे आणि बंदुकीस बसेल अशी एकसारखी गार तासणे वेगळे. उलट तोड्याची साधी कळ गावचा लोहारही दुरुस्त करू शके. एकट्याने, आडोशाने नेम धरून मारा करणाऱ्यास लांब नळीची तोड्याची बंदूक पुरेशी होती.

राज्यकर्त्यांना नव्या तंत्राचे महत्त्व कळले नव्हते, असेही नाही. महादजी शिंदे यांनी १७८४ मध्ये द बॉयन यास चाकरीस घेतले. पुढे आग्र्यास सँगस्टर या स्कॉटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बंदुका तयार होऊ लागल्या व एका बंदुकीस सुमारे १० रुपये खर्च येई, असे नमूद आहे. लक्षणीय बाब अशी की, याच फौजेत तेलंगा पलटणींकडे चकमकीच्या बंदुका होत्या, तर नजीब पलटणींकडे संगीन लावलेल्या तोड्याच्या. द बॉयनसारख्या कसलेल्या सेनानीने दोन्ही ठेवल्या, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा वेढा (मे-जून १८१८) या दृष्टीने बोलका आहे. किल्ल्यातील अरब शिबंदीने लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेलच्या सैन्यास सुमारे महिनाभर रोखून धरले. २९ मे रोजीचा हल्ला परतवून लावला. अरबांचा भरवसा तोड्याच्या बंदुकीवर व अचूक नेमावर होता. किल्ला पडला तो कोणाची बंदूक चांगली या प्रश्नावर नव्हे. तोफगोळ्याने दारूचे कोठार उडाले, तटास भगदाड पडले आणि त्यानंतर शिबंदीने शरणागती पत्करली.