ट्रॅम्पोलिनची निगा

ट्रॅम्पोलिन : लोखंडी सांगाड्यात स्प्रिंगांनी ताणलेल्या कापडावर उड्या मारण्याचे साधन. अमेरिकेत जॉर्ज निसेन व लॅरी ग्रिसवोल्ड यांनी ते १९३० च्या दशकात घडवले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिक क्रीडाप्रकार आहे.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा उन्हात काळे पॉलिप्रॉपिलीन कापड तळपायांना चटके देते, त्याचे धागे ठिसूळ होतात. म्हणून दुपारी ते झाकून ठेवावे. वादळी वळिवापूर्वी सांगाडा खुंट्यांनी जमिनीत जखडावा. पावसाळ्यात हुक व सांधे गंजतात. गंजलेली किंवा ताणून लांबलेली स्प्रिंग बदलावी. स्प्रिंगांवरील गादी व भोवतीची जाळी नियमित तपासावी. एका वेळी एकानेच उड्या माराव्यात. दोघे असल्यास हलके मूल अधिक जोराने फेकले जाते.